अनोळखी माणसांस सप्रेम सलाम

नाबुल, ७ जानेवारी

प्रिय वजदी,

सलाम. तू, सिरीन आणि माझी फरह खुशाल असाल, अशी अल्लाहजवळ प्रार्थना. फरहचे दुधाचे दात पडायला लागले का? सिरीनच्या आईचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, ऑलिव्हचं तेल कोमट करून चोळा आणि डॉक्टरांच्या नादी फार लागू नका. इकडे थंडी बेताची आहे. मी ठीक.

आता कामाचं सांगते, आणि हसायचं नाही. गेल्या महिन्यात मी एकवीस अनोळखी माणसांना पत्रं लिहिली. ईमेलने. शेजारच्या मुलीने पत्ता काढून दिला. फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी असे सगळीकडचे मिठाईवाले, अत्तरवाले आणि एक साबणवाली. एकानेही उत्तर दिलं नाही. 'नको' असंसुद्धा नाही.

आपलं कडू संत्र्याच्या फुलांचं पाणी दरवर्षी नेणारा सूस शहरातला व्यापारी ऑक्टोबरात वारला. त्याच्या मुलांनी दुकानात मोबाइलची कव्हरं मांडली आहेत. गेल्या वसंतातल्या निम्म्या बाटल्या अजून कोठीत उभ्या आहेत. वजदी, तुला माहीतच आहे, बाग अर्धी माझ्या नावावर आहे आणि अर्धी तुझ्या बापाची, म्हणजे आता तुझी. दोन वर्षं मी पेन्शनीतून झाडांना पाणी विकत घेऊन घालते आहे. तिसरं वर्ष जमायचं नाही. या वसंतातलंही पाणी कोठीतच राहिलं, तर मीच तुला म्हणेन, बाबा रे, विकून टाकू.

तू अनोळखी लोकांना पत्रं लिहून पोट भरतोस असं तुझा बाप सांगायचा. आम्हाला वाटायचं, थापा मारतो. खरं असेल तर तुझी विद्या जरा इकडे वळव. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणतोस आणि विसरतोस.

तुझी बेया आत्या


ट्युनिस, ११ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मला चार दिवसांनी सापडलं. कुठे, सांगू? स्पॅममध्ये. म्हणजे भुरट्यांची पत्रं यंत्र आपल्याला न विचारता जिथे ढकलून देतं, त्या ठिकाणी. तुझ्या एका बाजूला होती कुठल्याशा राजपुत्राची विधवा, जिला आपलं सगळं सोनं माझ्या नावावर करायचं होतं. दुसऱ्या बाजूला टक्कल घालवणारा एक डॉक्टर.

तू त्या एकवीस जणांना काय लिहिलंस ते खाली जोडलेलं होतं, तेही वाचलं. 'परमप्रिय आदरणीय महोदय, आपण व आपलं कुटुंब सुखरूप असावं अशी ईश्वरचरणी प्रार्थना. मी एक एकटी वयस्क बाई असून माझ्यापाशी एक अमूल्य वस्तू आहे.' आत्या, अगं जगातला प्रत्येक भामटा अशीच सुरुवात करतो! आपल्याकडे ज्याला सभ्यपणा म्हणतात तोच त्यांचा धंदा. यंत्राला फरक कळत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या बेल्जियमवाल्यालाही कळत नाही.

तेव्हा नमनाला घडाभर तेल नको. सलाम नको, प्रार्थना नको, गुडघ्याची चौकशी तर मुळीच नको. 'अमूल्य', 'हमखास', 'तातडीचे' हे शब्द विसर. उद्गारचिन्ह एकही नको. फोटो, कागद काही जोडायचं नाही. माणसाचं नाव घ्यायचं, त्याच्याविषयी खरी अशी एक गोष्ट लिहायची, आपलं म्हणणं दोन ओळींत सांगायचं आणि शेवटी 'नको असल्यास तसं कळवा, पुन्हा लिहिणार नाही' म्हणायचं. उर्मटपणे लिही, म्हणजे प्रामाणिक वाटशील.

आणखी एक. तुझा पत्ता कोरा आहे. नव्या सुनेच्या हाती कोणी पहिल्याच दिवशी किल्ल्या देत नाही, तसं यंत्रही नव्या पत्त्यावर विश्वास ठेवत नाही. आधी ओळखीच्यांना लिहायचं, आणि त्यांनी उत्तर द्यायचं. ज्याला उत्तरं येतात तो भला माणूस, एवढंच त्याला समजतं. मलाही आठवड्यातून एकदोनदा लिही, मी उत्तर देईन. फोन नको. फोन यंत्राला ऐकू येत नाही. आणि स्वतःचं स्पॅम रोज उघडून बघत जा, कधीकधी चांगलीही माणसं तिथे जाऊन पडतात.

तुझा वजदी


नाबुल, १५ जानेवारी

वजदी,

म्हणजे तुझ्याशी दोन शब्द बोलायचे तर मध्ये यंत्राचं कारण लागतं. चालेल. यंत्राचे आभार.

पण माझा राग ऐकून घे. तीस वर्षं मी नाबुलच्या पोस्टात होते. 'मशिदीमागच्या लंगड्या सालेहला' एवढाच पत्ता असलेलं पत्र मी पोचवलं आहे. एकदा पाकिटावर नाव पुसलेलं होतं, नुसता हरिसाच्या, म्हणजे मिरचीच्या चटणीचा डाग होता. वासावरून ओळखलं की कुणाच्या आईने पाठवलं असेल, आणि बरोबर निघालं. कुणाचं पत्र उकिरड्यात टाकायचं हे ठरवायचा अधिकार आम्हाला कोणी दिला नव्हता. तुमच्या यंत्राला कुणी दिला? आणि म्हणे सलाम केला म्हणून टाकलं! उद्या कोणी दार न ठोठावता घरात शिरला की त्याला सज्जन म्हणायचं का?

असो. उस्ताद तू आहेस. तू म्हणालास ओळखीच्यांना लिही, म्हणून हम्मादीच्या बेकरीत गेले आणि सगळी हकिगत सांगितली. हम्मादीने तिथल्या तिथे अट घातली की आधी बेया बाईंना उत्तर, मग पाव. सकाळी सातपासून रांग. काय लिहायचं असं विचारत होते, तेव्हा त्यानेच मजकूर सांगितला. तेवीस उत्तरं आली, खाली जोडली आहेत! आता तरी मी भली बाई झाले का?

फरहला पापा. स्पॅम रोज बघते. उकिरड्यावर माझी चांगली करमणूक होते. काल एका बाईने मला कर्ज देऊ केलं, मी तिला 'नको, पण आभारी आहे' असं कळवलं.

तुझी आत्या


ट्युनिस, १८ जानेवारी

आत्या,

थांब! त्या कर्जवाल्या बाईला पुन्हा लिहू नकोस. आणि हम्मादीला आवर.

एकाच सकाळी, एकाच दुकानातून, तेवीस माणसांनी 'वालेकुम सलाम बेया बाई, आम्ही बरे आहोत, पाव ताजा आहे' असं अक्षरशः एकच वाक्य लिहिलं, तर यंत्राला काय वाटेल? टोळी आहे, असंच वाटणार. आपल्या लोकांना एकाला बोलवावं तर वऱ्हाड येतं. रोज दोघातिघांनी लिहू दे, आपापल्या मनाचं.

खाली साठ नावं आणि पत्ते देतो आहे. युरोपातले मिठाईवाले, अत्तरवाले. आमच्या कंपनीच्या यादीतले आहेत, खात्रीचे. एक आठवडा ओळखीच्यांत घालव, मग रोज दहांना लिही. पत्राचा मसुदा बनवून देतो, तोच सगळ्यांना चालेल.

बागेकडे मी कधी येणार असं फोनवर सिरीनला विचारलंस म्हणे. बघतो. कामाचा रेटा आहे. फरहचे पुढचे दोन दात पडले.

वजदी


नाबुल, २ फेब्रुवारी

वजदी बाळा,

साठांपैकी सत्तेचाळीस परत आली. 'असा कोणी इथे राहत नाही.' यंत्राचं इंग्रजी मला फारसं येत नाही, पण परत आलेलं पत्र मी अंधारातही ओळखेन. उरलेल्या तेरांपैकी कोणी उत्तर दिलं नाही. काल हम्मादीला लिहिलेलं पत्रसुद्धा त्याच्या उकिरड्यात जाऊन पडलं. बिचारा पाव घेऊन घरी आला, विचारायला, बाई रागावल्या का.

तू कामात असतोस, घाईत जुनी यादी दिली असशील. होतं असं. मीही एकदा टपालाचं एक पोतं बिझर्त गावाऐवजी बेजाला पाठवलं होतं आणि आठवडाभर जेवले नव्हते. तू मात्र जेव.

पोस्टात परत आलेल्या पत्रांची एक पेटी असायची. संध्याकाळी काउंटर बंद झाला की तुझा बाप मला न्यायला यायचा, आणि आम्ही दोघं त्या पेटीवर बसून बिया खायचो. तो म्हणायचा, 'बेया, ही माणसं गेली कुठे असतील?' मी म्हणायचे, 'घर बदललं असेल.' तो म्हणायचा, 'आपण नाही बदलायचं.' तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, बाग आजोबांची होती आणि बोलायला काय जातं! पण तो बदलला नाही, हे खरं. शेवटच्या वसंतातही खाटेवरून मला ओरडून सांगत होता, खालच्या फांद्या आधी उतरव म्हणून. तो गेल्यापासून तीन वसंत झाले, तू फुलांना आला नाहीस. रागावून लिहीत नाही, आठवण आली म्हणून लिहिते.

आता या पत्त्याचं काय करू?

आत्या


ट्युनिस, ४ फेब्रुवारी

आत्या,

हो, चुकून जुनी यादी गेली. माफ कर. इतकी पत्रं परत आली की पत्त्याचं नाव खराब होतं. आता तीन महिने तरी थांबावं लागेल. म्हणजे हा वसंत जाईल. वाईट वाटतं, पण इलाज नाही.

वजदी


नाबुल, १२ फेब्रुवारी

वजदी,

तीन महिने? फुलं तीन महिने थांबतील का, विचारलं मी झाडांना. नाही म्हणाली.

तेव्हा मी माझ्या अकलेने चालले आहे. दुसरा पत्ता काढला, आणि ठरवलं, दिवसाला एकच पत्र, एकाच माणसाला. आधी त्या माणसाविषयी वाचायचं. वाचनालयातली मुलगी मला संगणक देते, मी तिला लिंबाचं लोणचं देते. तुझा मसुदा बाजूला ठेवला. साठ जणांना चालणारं पत्र खरं म्हणजे कुणालाच चालत नाही, हे तीस वर्षं लग्नपत्रिका वाटून मला कळलेलं आहे.

परवा एक बाई सापडली. बेल्जियमच्या घेंट गावात तिचं बदामाच्या बिस्किटांचं छोटं दुकान आहे. नाव हिल्डा. दुकानाच्या पानावर तिने लिहिलंय की आजीच्या पद्धतीचा एक केक तिने करायचा सोडून दिला, कारण हल्ली फुलांचं पाणी मिळतं त्याला साबणाचा वास येतो. ते वाचलं आणि मला राहवलं नाही. हे लिहिलं:

'हिल्डा बाई, तुमच्या पाण्याला साबणाचा वास येतो कारण त्यात फुलं नाहीतच, अर्क आहे. मी नाबुलला कडू संत्र्याच्या फुलांचं पाणी काढते, तांब्याच्या कत्तारात, म्हणजे वाफेचा अर्क उतरवायच्या भांड्यात, मंद आचेवर. पहिल्या धारेचं वेगळं ठेवते, मागचं त्यात मिसळत नाही. केकसाठी तुम्हाला पहिल्या धारेचं लागेल, तेही अर्धा चमचा, जास्त नाही. हवी असल्यास एक बाटली पाठवते. नको असल्यास तसं कळवा, पुन्हा लिहिणार नाही. बेया, पोस्टातून निवृत्त.'

तू सांगितलंस तसा सलाम काढून टाकला. पाठवायचं बटण दाबल्यावर मनातल्या मनात म्हणून घेतला. तेवढ्याने यंत्राचं काही बिघडलं नसावं.

कसं वाटलं, कळव. तू उस्ताद आहेस.

आत्या


ट्युनिस, १७ फेब्रुवारी

आत्या,

ती साठ नावं चुकून दिली नव्हती. आमच्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी टाकून दिलेली यादी होती ती. बहुतेक पत्ते मेलेले आहेत हे मला ठाऊक होतं. मेलेल्या पत्त्यांवर लिहिणाऱ्याचं नाव खराब होतं, हेही ठाऊक होतं. मला तेच हवं होतं.

नोव्हेंबरात हम्मामेतच्या एका बिल्डरला मी माझी अर्धी बाग कबूल केली. सही व्हायची आहे. त्याला सगळी हवी आहे, अर्ध्या बागेत त्याची इमारत मावत नाही. पाणी विकलं गेलं नाही तर मीच विक म्हणेन, असं तू पहिल्याच पत्रात लिहिलंस, आणि मी त्या वाक्याला धरून बसलो.

आम्ही दोन खोल्यांत राहतो. फरह स्वयंपाकघरात झोपते. हे सांगून माझं पाप कमी होत नाही, पण तुला कधी सांगितलं नव्हतं म्हणून सांगतो.

हिल्डा बाईला लिहिलेलं तुझं पत्र मी चारदा वाचलं. नऊ वर्षांत मला तसं एक पत्र लिहिता आलेलं नाही. मला तुझी लाज वाटत नाही आत्या, माझी वाटते.

बिल्डरचा कागद सोबत जोडला आहे. ऑफिसातूनच पाठवतो, घरी गेलो तर पाठवणार नाही. तू वाच आणि काय करायचं ते सांग. विक म्हणालीस तर विकतो, नको म्हणालीस तर नाही.

वजदी


नाबुल, २० फेब्रुवारी

प्रिय वजदी,

चार तारखेनंतर तुझं एक पत्र नाही. आजारी आहेस का? का यंत्राने मला पुन्हा भुरट्यांत टाकलं?

इकडे विशेष काही नाही. दोन दिवस कत्तार घासत होते. मीठ आणि लिंबू लावून. आता असा लखलखतो आहे की हम्मादी म्हणाला, बाई, यात दाढी करता येईल. पाठ धरली आहे, पण ते व्हायचंच. यंदा कळ्या लवकर दिसायला लागल्या.

फरहला खोकला झाला असेल तर फुलांचं पाणी दोन थेंब साखरेवर घालून दे. आणि तिला रात्री चुलीजवळच्या हवेत झोपवू नका, छाती भरते.

लिही रे. यंत्रासाठी तरी लिही.

आत्या


ट्युनिस, २१ फेब्रुवारी

आत्या,

मी बरा आहे, अगदी बरा!! ऐक, हे तातडीचं आहे. सतरा तारखेचं, माझ्या ऑफिसच्या पत्त्यावरून आलेलं एखादं पत्र तुझ्या स्पॅममध्ये पडलेलं असेल. ते माझं नाही. आमच्या इथे व्हायरस शिरला होता, तो आमच्या नावाने घरच्यांना वाटेल ते लिहितो. बागा, सह्या, इमारती, काहीही. त्याला एक कागद जोडलेला आहे, तो तर उघडूच नकोस, संगणक जळेल. न वाचता पुसून टाक. पुसलंस की मला कळव. लगेच.

फरहला खोकला नाही. तुला कोणी सांगितलं?

वजदी


नाबुल, २३ फेब्रुवारी

वजदी बाळा,

पुसलं. उकिरड्यात एक होतं खरं, तुझ्या नावाचं. वाचनालयातल्या मुलीला विचारून दोनदा पुसलं, म्हणजे आता ते कुणालाच सापडायचं नाही. काय दिवस आले आहेत! आपल्याच माणसाच्या नावाने कोणीतरी येतं आणि घरात विष कालवून जातं. देव करो आणि तुमचा तो व्हायरस लवकर बरा होवो. त्याला कोणी मोठं माणूस आहे की नाही रागवायला?

तुझ्या पत्रात मात्र 'तातडीचं' हा शब्द होता आणि दोन उद्गारचिन्हं होती. मी केलं असतं तर केवढा ओरडला असतास.

आता चांगली बातमी. हिल्डा बाईंनी उत्तर दिलं! तीन ओळी. 'बेया बाई, एक बाटली पाठवा. साबणाचा वास आला तर कळवीन. माझ्या आजीचंही म्हणणं अर्धाच चमचा असं होतं.' मी ते छापून घेतलं आणि हम्मादीने बेकरीत लावलं. लोक पाव घ्यायला येतात, वाचतात आणि साबणाचा वास कसा काय येईल म्हणून भांडतात. बाटली काल पोस्टाने धाडली. काउंटरवर नवीन मुलगा आहे, त्याला वजन करायला मीच शिकवलं.

पण एका बाईवर बाग जगत नाही. अजून दहाबारा माणसं हवीत, तीही महिन्याभरात. बघू.

आत्या


ट्युनिस, ६ मार्च

प्रिय आत्या,

सलाम. तू बरी असशील, पाठ बरी असेल अशी प्रार्थना. (यंत्राला जे म्हणायचं ते म्हणू दे.)

मागचे दहा दिवस लिहिलं नाही कारण संध्याकाळी एक काम करत होतो. खाली अकरा नावं आहेत. साठ नाहीत, अकराच. प्रत्येकाचं दुकान चालू आहे का ते फोन करून विचारलं. प्रत्येकाचं काय अडलं आहे ते शोधून नावापुढे लिहिलं आहे: लियोंचा आइस्क्रीमवाला, ज्याचा पुरवठादार बंद पडला. कोलोनची एक म्हातारी अत्तरवाली, जी सगळ्यांशी भांडते, तुझं तिच्याशी जमेल. पत्रं तूच लिही. मी शब्द सुचवणार नाही. तुझ्या नव्या पत्त्याची सगळी कागदपत्रंही नीट लावून दिली आहेत, म्हणजे तुझ्या नावाने तुझ्याशिवाय कोणी लिहू शकणार नाही.

आणखी एक घडलं. एका माणसाला मी कामाच्या बाबतीत शब्द दिला होता, तो परत घेतला. तू ओळखत नाहीस त्याला. तो बराच बोलला. सिरीनही चार दिवस बोलली नाही, मग बोलली. इतकंच.

फुलं कधी उतरवायला सुरुवात करतेस? विचारतो आहे, एवढंच.

वजदी


नाबुल, २ एप्रिल

प्रिय वजदी,

सलाम. अल्लाह तुला, सिरीनला आणि फरहला सुखात ठेवो, तुमच्या घरात उजेड राहो. हे सगळं लिहिणार मी. तुझ्या यंत्राला आवडलं तर आवडलं.

अकराही पत्रं गेली, एकही परत आलं नाही. लियोंवाल्याने वीस बाटल्या मागवल्या. हिल्डा बाईंचा केक झाला, साबणाचा वास आला नाही, त्यांना तीस हव्यात. कोलोनच्या म्हातारीने पानभर भांडण लिहून पाठवलं आणि शेवटी दहा मागितल्या. चौघांनी नको म्हणून कळवलं, त्यांचे मी आभार मानले, कारण नको म्हणायलाही पत्र उघडावं लागतं. बाकीचे गप्प आहेत. कोठीतल्या जुन्या बाटल्या संपल्या आणि यंदाच्या निम्म्या आत्ताच बोलून ठेवल्या आहेत. यंदा झाडांना पाणी मिळेल. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

काल हम्मामेतचा तो बिल्डर दारात आला होता. तोंड एवढंसं झालेलं. म्हणाला, 'तुमचा भाचा शब्द देऊन फिरला, तुम्ही तरी समजवा.' मी त्याला कॉफी दिली, त्यात फुलांचं पाणी घातलं, आणि भाच्याला समजवण्याचं माझं वय राहिलं नाही असं सांगून वाटेला लावलं. तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

तुझं सतरा तारखेचं पत्र मी अठराच्या सकाळी वाचलं. उकिरड्यातच पडलं होतं. एवढा उस्ताद तू, आणि आयुष्यातलं एक खरं पत्र लिहिलंस ते थेट भुरट्यांत. स्पॅम रोज बघ असं तूच सांगितलं होतंस. मी बघत होते.

वाचून रडले, ते लपवत नाही. मग राग आला. दोन दिवस कत्तार का घासला असेल, असं वाटलं तुला? तीनदा उत्तर लिहायला बसले. पहिल्यात शिव्या होत्या. दुसऱ्यात तुझ्या बापाचं नाव होतं, ते तर शिव्यांपेक्षा वाईट. तिसऱ्यात एकच शब्द होता, 'विक'. ते पाठवलं असतं तर तू विकलं असतंस, आणि जन्मभर म्हणाला असतास, आत्याच म्हणाली. बाग माझ्या तोंडून विकून घ्यायला निघाला होतास तू, गाढवा. म्हणून तुझं पत्र आलंच नाही असं मी ठरवलं, आणि बघत बसले, आता काय करतोस.

मग तुझा व्हायरस आला. वाचनालयात मी इतकी हसले की त्या मुलीने पाणी आणून दिलं.

वजदी, पोस्टात महिन्यातून एकदा तरी कोणीतरी धापा टाकत काउंटरवर यायचं. रागात लिहिलेलं असायचं, नाहीतर सोडून जाते असं लिहिलेलं, नाहीतर तुझ्यासारखं, सगळं सांगून टाकलेलं. 'बाई, आत्ताच पेटीत टाकलं, हात घालून काढून द्या, अल्लाहची शपथ, माझंच अक्षर आहे.' मला पाकीट समोर दिसत असायचं. पण पेटीत पडलेलं पत्र ज्याच्या नावाचं त्याचं, असा आमच्या साहेबांचा सक्त हुकूम. मी नाही म्हणायचे, आणि ती माणसं तिथेच बाकावर बसून राहायची. त्यांचे चेहरे मला अजून दिसतात. तीस वर्षांत मी एकालाही पत्र परत देऊ शकले नाही.

तुला दिलं.

फरहच्या झोपायचं काय करायचं ते समोरासमोर बसून बोलू, त्यात यंत्र नको. सिरीनलाही आण, तिचं तिने मला सांगावं. शनिवारी पहिल्या गाडीने या. ऊन चढायच्या आत फुलं उतरवावी लागतात, आणि माझा हात आता वरच्या फांद्यांना पोचत नाही.

तुझी बेया आत्या